आधी नदी, मग खलनायक: आरपीजीचं जग आणि त्यातला दुष्ट कसा उभा करावा

पहिला आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचा गोष्टीचा कंप्युटर गेम, करायला बसलं की बहुतेकांचा हात आधी खलनायकाकडं जातो. काळा झगा, लाल डोळे, पाठीमागं कडाडणारी वीज. नाव ठरतं, किल्ला ठरतो, शेवटच्या बॉस फाइटचं, म्हणजे त्याच्याशी होणाऱ्या मोठ्या लढाईचं, संगीतही ठरतं. हा माणूस कुणाच्या ताटातलं काय काढून घेतो, एवढंच ठरायचं राहून जातं. मग खेळणारा दहा तास घालवून त्याच्यापर्यंत पोचतो, त्याला मारतो, आणि तोवर त्याला त्याचा धड रागही आलेला नसतो.

या लेखात क्रम उलटा धरलाय. आधी मुलूख, मग तिथल्या माणसांची गरज, मग त्या गरजेवर हात ठेवून बसलेला माणूस. खलनायक त्या मातीतूनच उगवायला हवा, बाहेरून आणून चिकटवलेला चालत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

हिशेब छोट्या गेमचा धरलाय: एक-दोन माणसं, घरचा कंप्युटर, दोन-तीन तासांत संपणारी गोष्ट. गेम बनवायचं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, म्हणून आरपीजी मेकर वापरा नाहीतर गोडो वापरा, पद्धत तीच. उदाहरण म्हणून सगळीकडं एकच गेम घेतो, सांगली-साताऱ्याच्या कृष्णाकाठावर बेतलेला. त्यातली गावं आणि माणसं कल्पित आहेत, पाऊस-पाणी खरं आहे.

पायरी पहिली: नकाशा काढा आणि त्यावर भीती लिहा

कागद आडवा घ्या. महाबळेश्वरपासून नदीची रेघ ओढा. माहुलीला वेण्णा येऊन मिळते, कराडला कोयना, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. आता पावसाचे आकडे लिहा. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात 500 च्या आसपास. सांगली जिल्ह्यातही तसंच: पश्चिमेला शिराळा हिरवागार, पूर्वेला जत आणि आटपाडी टँकरची वाट बघणारे. म्हणजे एकाच नकाशावर, एका दिवसाच्या प्रवासात, दोन उलट्या भीती नांदतात. एका टोकाला पाणी घरात शिरेल म्हणून माणूस रात्रभर जागा असतो, दुसऱ्या टोकाला हंडा भरेल का म्हणून.

अशी जागा आरपीजीला आयती मिळते. कारण आरपीजी म्हणजे शेवटी चालत जाणं: एका गावातून दुसऱ्या गावात जायचं आणि माणसं बदललेली बघायची. दोन गावांच्या भीती वेगळ्या असतील तर त्यांची दुकानं, देवळं, बोलणं, शिव्या सगळं वेगळं होतं, आणि ते तुम्हाला ओढूनताणून घडवावं लागत नाही.

नकाशावर प्रत्येक गावाशेजारी एकच ओळ लिहा: इथल्या माणसाला रात्री झोप का लागत नाही? राज्य कुणाचं, देव कोणता, भाषा कोणती हे नंतर. भारतीय वाटणारं जग म्हणून नुसते कमळाचे खांब आणि त्रिशूळ ठेवले की ते कुठलंच राहत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 चा ‘राजी’ आरपीजी नाही, पण त्यांनी पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तू अशा नेमक्या गोष्टी धरल्या, म्हणून त्याचं रूप लक्षात राहतं. तुम्ही तुमचा तालुका धरा.

भीतीला मोजमाप असलं तर तिचं थेट गेममधलं घड्याळ होतं. सांगलीत पावसाळ्यात सकाळी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. कोयनेतून किती क्युसेकचा विसर्ग सोडलाय हे ऐकून इथला माणूस मनात हिशेब करतो की सामान माळ्यावर कधी टाकायचं. आपल्या गेममध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात पुलाचा एक दगडी खांब दाखवा आणि त्यावर फुटांच्या खुणा. खेळणारा जेवढा वेळ काढेल तेवढं पाणी चढतं. 40 ला बाजार उठतो, 45 ला खालच्या गावाचा रस्ता बंद होतो आणि तिथल्या साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या छोट्या कामगिऱ्या, कायमच्या जातात. कसलंही स्पष्टीकरण न देता खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

पायरी दुसरी: एकच वस्तू जवळून ओळखा

अख्खं जग रचायला बसलात तर वर्ष जाईल आणि हाती वंशावळी येतील. त्यापेक्षा त्या मुलखातली एक वस्तू घ्या आणि ती इतकी नीट समजून घ्या की तिच्यावर गेम उभा राहील. मी पेव घेतो.

हरिपूरची हळदीची पेवं सांगलीकरांना सांगायला नकोत. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. माल भरून तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही आणि किडीचं काही चालत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागते, नाहीतर उतरणारा माणूस गुदमरतो. 2005 च्या महापुरात पाणी शिरून यातली पुष्कळ पेवं निकामी झाली.

आता गेम बनवणाऱ्याच्या नजरेनं हे पुन्हा बघा. इतर गेममध्ये तळघरं असतात, त्यात सांगाडे आणि खजिना असतो. तुमच्याकडं जमिनीखालचा असा खड्डा आहे ज्यात हवाच शत्रू आहे. कंदील दोरीनं खाली सोडायचा. ज्योत टिकली तर उतरा, विझली तर थांबा. थांबलात तर वर पुलाचं पाणी चढतंय. एवढ्या दोन नियमांत खरा ताण तयार झाला, आणि तो याच जागेत होऊ शकतो. लढाईच्या आकड्यांचं गणित दुय्यम आहे, ते कुठल्याही गेममधून उचलता येतं.

कोष्टकात चार गोष्टी मांडा: पेवात काय असतं, ते कुठून येतं, किल्ली कुणाकडं असते, आणि ते मिळालं नाही तर किती दिवसांत काय होतं. आपल्या गेममध्ये पेवात हळद नाही, बियाणं आहे. पुढच्या सालाचा शाळू. धान्य संपलं तर माणूस उपाशी राहतो, बियाणं संपलं तर गाव उठतं. पाण्यावर बसलेला दुष्ट पुष्कळांनी दाखवलाय. बियाण्यावर बसलेला क्वचित दिसतो, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही त्याचं भय समजावून सांगावं लागत नाही.

पायरी तिसरी: मागचा इतिहास तीन घटनांत बसवा

तीनच. त्याहून जास्त इतिहास फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतो. आपल्या गेमच्या तीन घटना अशा:

मोठा दुष्काळ पडला आणि उपाशी गावांनी बियाणं शिजवून खाल्लं. एका बाईनं आपली पेवं उघडून पंधरा गावं जगवली, पण दाण्यामागं अंगठा घेतला. मग महापूर आला, आणि तो उतरल्यावर तिनं पेवांना कुलपं घातली.

पहिल्या घटनेत लोकांची चूक आहे, दुसरीत उपकार आहे, तिसरीत अन्याय. खलनायकाचा उगम या तीन टप्प्यांतून गेला की तो पटतो. नुसता अन्यायच असेल तर लोक त्याला इतकी वर्षं का सोसतात, हा प्रश्न चाणाक्ष खेळणारा पहिल्या तासात विचारतोच.

पायरी चौथी: आता खलनायकाला बोलवा

आपली खलनायिका आक्का. गाव तिला आक्काच म्हणतं, तिच्या माघारीही. वय साठीच्या पुढं, नऊवारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात चोपडी. तिच्याकडं तलवार नाही, मंत्र नाही, सैन्य म्हणावं असंही काही नाही. आठ-दहा राखणदार आहेत, बस. तरी पंधरा गावं तिच्या शब्दाबाहेर जात नाहीत. हा अधिकार कुठून आला, याचं उत्तर तुमच्या नकाशातच आहे.

कुठलाही खलनायक उभा करताना त्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत लिहा. तुमच्या भाषेत लिहिलीत तर निबंध होतो.

तुला काय पाहिजे? ‘पुढच्या साली पेरणी झाली पायजे. बाकी मला काय नगं.’

लोक वाईट का वागतात असं तुला वाटतं? ‘भुकेला माणूस उद्याचं बघत न्हाई. ह्यांच्या हातात बियाणं दिलं तर आमुशाच्या आत शिजवून खातील. मी बघितलंय.’

तू काय कधीच करणार नाहीस? ‘खोटं बोलणार न्हाई. चोपडीत एक अक्षर खोटं दाखव, किल्ल्या तुझ्या.’

कुणाचं नुकसान तुला दिसत नाही? इथं तिला उत्तर सुचू नये. इथं तुम्ही लिहायचं: ज्या घरांच्या जमिनी अंगठ्यापायी तिच्या नावावर गेल्या त्या घरांतली पोरं, जी आता आपल्याच रानात रोजानं राबतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच लोक गाळतात. खलनायकाची एक मर्यादा असली की खेळणाऱ्याला त्याच्याशी वागण्याचा दुसरा रस्ता मिळतो. 1997 च्या ‘फॉलआउट’ गेममधला मास्टर नावाचा खलनायक माणसांना सुपर म्यूटंट करून नवी जात घडवायला निघालेला असतो, आणि ती जात वांझ आहे याचा पुरावा त्याच्यापुढं ठेवला तर तो लढाईशिवाय कोसळतो. हे शक्य होतं कारण त्याला खरोखर माणसाचं भविष्य हवं असतं. फक्त हसत नाश करणाऱ्याला असा पुरावा दाखवून काही उपयोग नसतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. हल्ली प्रत्येक दुष्टाला दुःखी बालपण जोडायची रीत पडलीय आणि शेवटी सगळं त्यावर ढकललं जातं. आक्कानं उपासमार बघितली, हे कारण झालं. तिच्या कुलपामुळं एक बाळंतीण गाव सोडताना वाटेत मेली, हा गुन्हा झाला. दोन्ही तेवढ्याच ठळकपणे दाखवा. तो मृत्यू खेळणाऱ्याला त्या बाईच्या सासूकडून कळू द्या, आक्काच्या आठवणींच्या दृश्यातून नको. नुकसान ज्याचं झालं त्याच्या दारात उभं राहूनच ते समजतं.

पायरी पाचवी: चेहरा उशिरा, खुणा आधी

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 मध्ये इथं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी पहिला मराठी नाट्यप्रयोग केला. त्या काळच्या पौराणिक खेळांत राक्षसाची एन्ट्री म्हणजे आरोळी: ‘अलल्ल डुर्र’ करत, राळ उडवत, तलवार फिरवत तो यायचा आणि पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मागं लपायची. नट समोर, प्रेक्षक दहा हातांवर, उजेड मशालींचा. तिथं ते अस्सल होतं आणि चाललंही. आरपीजीत मात्र खेळणारा पंधरा-पंधरा मिनिटं गावात नुसता हिंडत असतो. तिथं एका आरोळीवर भागत नाही. खलनायक त्या हिंडण्यातच झिरपला पाहिजे.

1997 च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये खलनायक सेफिरोथ पहिले कित्येक तास समोर येत नाही. गोष्टीतल्या एका बलाढ्य कंपनीच्या इमारतीत रक्ताचा माग दिसतो, अध्यक्षाच्या पाठीत त्याची लांब तलवार रुतलेली दिसते. पुढं दलदलीत ज्या महाकाय सापापासून आपण जीव वाचवून पळालो, तसलाच साप पलीकडं झाडाच्या बुंध्यावर भोसकून टांगलेला दिसतो. ताकदीचं याहून चोख मोजमाप नाही: जे तुम्हाला जमलं नाही, ते त्यानं जाता जाता केलं.

आक्काची खूण आहे अंगठा. पहिल्या गावात प्रत्येक एनपीसीच्या, म्हणजे गेमनंच चालवलेल्या पात्राच्या, उजव्या अंगठ्यावर काळी शाई दाखवा. स्प्राइटमध्ये, म्हणजे पात्राच्या हिंडत्याफिरत्या छोट्या चित्रात, दोन पिक्सेल पुरतात; संवादाच्या वेळी येणाऱ्या मोठ्या चित्रात मात्र ती ठसठशीत दिसू द्या. कुणी त्याबद्दल बोलत नाही. तिसऱ्या घरात पाळण्यातल्या पोराच्या अंगठ्यालाही शाई दिसली की खेळणारा थबकतो. तिथवर आक्काचं नावही आलेलं नसतं.

मग गावकऱ्यांचे संवाद तीन फेऱ्यांत लिहा. एकच माणूस, तीन वेळा. दुकानदाराचं उदाहरण:

पहिल्या फेरीत: ‘आक्का हाय म्हणून चूल पेटती बाबा. तुमी भायेरची मानसं, तुमास्नी न्हाई कळायचं.’

पेव उघडून आल्यावर: ‘आत काय बघितलं ते हितं बोलू नगा. राखणदार तंबाकू न्यायला येत्यात.’

शेवटच्या फेरीत, पाणी 43 फुटांवर असताना: ‘माझा अंगठा कुठल्या पानावर हाय, तेवढं बघून सांगता का?’

तिन्ही ओळींत आक्का प्रत्यक्ष कुठं नाही, तरी तिची पकड सैल होत गेलेली कळते. असे संवाद सात-आठ माणसांचे लिहिलेत तर खलनायकाचं निम्मं काम झालं. शंभर एनपीसींना प्रत्येकी एक ओळ देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पायरी सहावी: दुष्टपणा नियमात उतरवा

गोष्टीत जुलूम आणि दुकानात मात्र सगळं स्वस्त, असं असेल तर खेळणारा दुकानावर विश्वास ठेवतो. म्हणून खलनायकाचा हात गेमच्या नियमांत दिसला पाहिजे. आपल्या गेममध्ये औषध, दोर, कंदिलाचं तेल सगळं उधार मिळतं. पैसे मागतच नाहीत. फक्त दर वेळी अंगठा. आतल्या आत एक व्हेरिएबल, म्हणजे गेमनं लक्षात ठेवलेला आकडा, वाढत जातं, आणि ठरावीक आकड्यानंतर खेळणाऱ्याच्या पात्राच्या अंगठ्यालाही शाई दिसायला लागते. त्यानंतर राखणदार त्याला अडवत नाहीत, उलट नावानं हाक मारतात. सोय होते, आणि ती सोय बोचते. जे काम पानभर संवादानं झालं नसतं ते एका व्हेरिएबलनं झालं.

खलनायकानं मधेच जिंकलं तर काय, हाही विचार करून ठेवा. 1994 च्या ‘फायनल फँटसी सिक्स’मध्ये खलनायक केफ्का अर्ध्यातच जग उद्ध्वस्त करतो आणि उरलेला गेम त्या मोडक्या जगात चालतो. छोट्या गेमला एवढं झेपत नाही, पण 45 फुटांनंतर खालचं गाव पाण्याखाली जाणं आणि आक्कानं वरच्या गावाची पेवं वाचवायला तिकडंच माणसं लावणं, एवढं सहज करता येतं. टाइल मॅप, म्हणजे चौकोनी तुकड्यांनी रचलेला गावाचा नकाशा, एकच, पाण्याचा थर फक्त वर चढवायचा.

पायरी सातवी: रूप आणि बोली, आणि जिथं हात आखडायचा त्या जागा

दुष्ट म्हणजे काळा रंग, चेहऱ्यावर व्रण, लंगडा पाय, तिरळा डोळा, ही सवय मोडा. खेळणारी पोरं त्याच रंगाची असतात आणि कुणाच्या घरी तसाच पाय असतो. आडनाव देऊच नका. आपल्याकडं आडनावातून जात वाचली जाते आणि तुमच्या खलनायकाचा दोष एका अख्ख्या समाजाच्या माथी बसतो. बोलीचंही तेच. नायक शुद्ध पुस्तकी बोलतो आणि दुष्ट मात्र गावरान, असं चुकूनही करू नका. आपल्या गेममध्ये सगळेच कृष्णाकाठचं बोलतात. आक्का कमी बोलते आणि आवाज चढवत नाही, एवढाच फरक.

खऱ्या इतिहासातली माणसं खलनायक म्हणून घेऊ नका, असा माझा सल्ला आहे. प्रतापगड, 1659, हे सगळं साताऱ्याच्या पोराला तोंडपाठ असतं आणि मोह होतो. पण इतिहासाला जाणकार लागतो, कागदपत्रं लागतात, आणि दोन तासांच्या गेममध्ये त्याला न्याय देता येत नाही. भूगोल खरा घ्या, माणसं कल्पित घ्या.

आक्काचं चित्र काढणाऱ्याला मी एवढंच सांगेन: कुणाच्याही आज्जीसारखी दिसू दे, फक्त ती कधीच कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, चोपडीतच बघते. गेममध्ये ती एकदाच मान वर करते. कधी, ते पुढच्या पायरीत.

पायरी आठवी: शेवटची भेट

जुन्या आरपीजीत शेवटी लढाई ठरलेलीच असे, तरी तिथंही फट होती. 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये शेवटचा ड्रॅगनलॉर्ड नायकाला विचारतो, माझ्या बाजूला ये, अर्धं जग देतो. हो म्हटलं की खेळ वाईट रीतीनं तिथंच संपतो. 2015 च्या ‘अंडरटेल’मध्ये कुणालाही न मारता शेवट गाठता येतो, आणि तुम्ही कुणाला मारलंत हे गेम लक्षात ठेवतो.

पण शेवट कसे असावेत याचा सगळ्यात चांगला धडा मला पालीच्या खंडोबात दिसतो. कराड तालुक्यातलं पाल, तारळी नदीचा काठ, पौषातली यात्रा. कथेत मणी आणि मल्ल दोघं भाऊ, दोघं दैत्य, दोघंही त्याच युद्धात हरतात. मणी शरण येतो आणि देवापाशी जागा मागतो. ती त्याला मिळते, त्याचीही पूजा होते. मल्ल मरतानाही माणसांचा घात मागतो, आणि त्याचं शिर देवळाच्या पायरीशी भक्तांच्या पायाखाली येतं. गुन्हा सारखा, हार सारखी, शेवट वेगळा, आणि तो ठरतो हरल्यावर काय मागितलं यावर. आपल्या पोरांनी भंडारा उधळत ही कथा ऐकलेली असते. वेगळं काही समजवावं लागत नाही.

आता आक्काकडं वळू. महापुराचं पाणी तिच्या पेवांत झिरपलं होतं. बियाणं दिसायला ठणठणीत आहे, पण ओलीनं त्याचा जीव गेलाय. तिनं कुलपं घातल्यापासून त्यातला दाणा पेरून बघितलेलाच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी पंधरा गावं गहाण ठेवली, ते उगवणारच नाही. हे खेळणाऱ्यानं शोधायचं, आणि शोधायची रीत प्रत्येक शेतकरी जाणतो: उगवण चाचणी.

गोणपाट भिजवायचं. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे. वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. काही दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. खरिपाआधी सोयाबीनला असंच करतात आणि शंभरात 70 च्या वर आले तर बियाणं चांगलं धरतात. गेममध्ये ही एक क्वेस्ट करा. दाणे खेळणाऱ्याला स्वतः मांडू द्या, एकेक, ओळ चुकली तर पुन्हा. नंतर झोपायचं, म्हणजे पाणी चढणार. चौथ्या सकाळी गुंडाळी उलगडते आणि खेळणाऱ्याला स्वतः बोट ठेवून मोजावं लागतं. अकरा कोंब. संगीत बंद ठेवा. आकडा स्क्रीनवर लिहू नका. तो त्यानंच मोजलाय.

मग आक्कासमोर तीन वाटा. पहिली: राखणदारांशी लढून किल्ल्या घेणे. ही बॉस फाइट ठेवा, अवघड ठेवा, आणि ती जिंकल्यावर गावकऱ्यांनी पेवावर धाव घेऊन ते मेलेलं बियाणं पेरलेलं दाखवा. दुसरी: तिच्या बाजूला जाणे. खेळणारा चोपडी सांभाळतो आणि शाई आता त्याच्या हातात आहे. तिसरी: ओलं गोणपाट तिच्या चोपडीवर ठेवणे. इथं ती पहिल्यांदा मान वर करते. ती खोटं बोलत नाही हे आपण ठरवलं होतं, म्हणून ती नाकारू शकत नाही. ती काय करते हे मात्र खेळणाऱ्याच्या अंगठ्यांच्या संख्येवर ठरवा. त्यानं कमी उधारी केली असेल तर ती किल्ल्या खाली ठेवते आणि विचारते, ‘बियाणं कुठनं आणायचं आता?’ उधारी जास्त असेल तर म्हणते, ‘तू बी इतके अंगठे दिलंस. तुला तरी कुठं धीर निघाला?’ आणि त्यावर खेळणाऱ्याकडं संवादाचा पर्याय नसतो.

तिसरी वाट सोपी करू नका. पुरावा मिळवायला वेळ जातो, वेळ गेला की खालचं गाव बुडतं. खलनायकाला समजावून जिंकण्याचीही किंमत असावी, नाहीतर खेळणारा गाइड वाचून तेच बटण दाबतो.

पायरी नववी: देवनागरी नीट दिसू द्या

ही पायरी छोटी आहे पण हिच्यावाचून बाकीचं सगळं वाया जातं. आरपीजीत संवाद अक्षर-अक्षर उमटत जातात. मराठीत ते बिघडतं. ‘स्त्री’ हा एक ठसा, पण कंप्युटरच्या लेखी त्यात सहा तुकडे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. तुकडे एकेक करून दाखवले तर अक्षर डोळ्यांदेखत मोडतं आणि जुळतं. ‘कि’मध्ये आधी क दिसतो आणि मग तो उजवीकडं सरकतो, कारण वेलांटी नंतर येऊन आधी बसते. म्हणून मजकूर शब्दाशब्दानं उमटवा. दिसायलाही ते बोलण्याच्या लयीत वाटतं.

गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरांची मांडणी इंजिनच सांभाळतं. दुसरं काही वापरत असाल तर पहिल्याच दिवशी ‘राष्ट्र’, ‘कृष्णा’, ‘दुष्ट’, ‘वाङ्मय’ हे चार शब्द स्क्रीनवर आणून बघा. ते फुटले तर इंजिन बदला, गोष्ट लिहून झाल्यावर बदलणं जीवघेणं असतं. फाँट म्हणून मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. जुन्या ढंगाचा पिक्सेल फाँट हवाच असेल तर आठ पिक्सेल उंचीत रोमन बसतं, आपली वरची मात्रा आणि खालचा उकार बसत नाही. उंची दुप्पट धरा आणि संवादाची चौकट त्या मापानं आखा.

पायरी दहावी: खेळायला द्या आणि गप्प बसा

पहिलं गाव, एक पेव आणि तीन एनपीसी तयार झाले की लगेच कुणाला तरी द्या. पूर्ण व्हायची वाट बघू नका. शक्यतो दोन प्रकारची माणसं बघा: एक रोज गेम खेळणारा, आणि एक शेतीतला, ज्यानं कंट्रोलर कधी हातात धरला नाही. पहिला तुम्हाला नियमांतल्या चुका दाखवेल. दुसरा सांगेल की शाळू या महिन्यात पेरत नाहीत.

खेळताना शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. तो कुठं थांबतो, कुणाशी दुसऱ्यांदा बोलतो, पाळण्यापाशी थबकतो का, एवढंच लिहून घ्या. अर्ध्या तासानं तीन प्रश्न विचारा. गावात बिघडलंय काय? ते कुणामुळं? आणि त्या माणसाच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?

पहिल्याचं उत्तर आलं नाही तर पायरी पाचवर परत जा, खुणा पुसट आहेत. दुसऱ्याला त्यानं ‘आक्का’ म्हणायच्या आधी थोडा विचार केला तर बरोबर चाललंय. लगेच म्हणाला तर तुम्ही तिला फार लवकर दाखवलीत, आणि ‘राखणदार’ म्हणाला तर ती अजून आलेलीच नाही. तिसऱ्यावर ‘मी बियाणं वाटून टाकलं असतं’ असं कुणी छातीठोकपणे म्हटलं, तर दुष्काळाची घटना कमी पडलीय. बियाणं शिजवून खाल्लेल्या घरातला एक म्हातारा गावात बसवा, त्याला चार ओळी द्या, आणि गेम पुन्हा त्याच माणसाच्या हातात द्या.